ट्रायग्लिसराइड वाढलेत? तुपाआधी साखरेच्या डब्याकडे बघा

रिपोर्टमध्ये ‘ट्रायग्लिसराइड्स’ या ओळीसमोर ठळक आकडा आला, की सातारा-सांगलीकडच्या घरात पहिली कुऱ्हाड पडते ती तुपावर. वरणभातावरची धार थांबते, शेंगदाण्याची चटणी बंद, अंडं बंद. चहातली दोन चमचे साखर मात्र तशीच राहते आणि ‘साखर वाईट, गूळ चालतो’ म्हणून गुळाचा खडा उलट वाढतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा जागचा हललेला नसतो. मग माणूस म्हणतो, पथ्य करून काही उपयोग नाही.

पथ्य केलेलं असतं, पण चुकीच्या डब्याचं. ट्रायग्लिसराइड ही चरबी खरी, पण रक्तात उपाशीपोटी दिसणारी ही चरबी मुख्यतः यकृत तयार करून बाहेर पाठवतं. त्याला लागणारा माल पोटावरच्या चरबीतून सुटून येतो आणि गरजेपेक्षा जास्त पोटात गेलेल्या साखरेतून, भात-मैद्यातून आणि दारूतूनही येतो. हंगामात ऊस जास्त आला की कारखान्याचं गोदाम भरून पोती बाहेर रचावी लागतात, तसंच हे. आत मावेना म्हणून यकृतात चरबी साठते (सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते हेच) आणि उरलेली रक्तात निघते.

हृदयाशी याचा संबंध दोन बाजूंनी येतो. ही चरबी वाहून नेणाऱ्या कणांमध्ये कोलेस्टेरॉलही असतं, आणि चरबी उतरवून झाल्यावर उरलेले छोटे कण धमनीच्या भिंतीत शिरतात. दुसरं म्हणजे ट्रायग्लिसराइड चढले की सहसा एचडीएल, म्हणजे चांगलं म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल, उतरतं आणि एलडीएलचे, म्हणजे वाईट म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे, कण लहान व दाट होतात. सुटलेलं पोट, जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल हे त्रिकूट भारतीयांत फार दिसतं. वजनकाटा ठीक दाखवत असला तरी कंबर मोजा: पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल तर ती बोलकी आहे. टेप बेंबीच्या आसपास, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता लावायचा. पँटचा नंबर धरू नका; पँट पोटाखाली बसते.

पहिली पायरी: आकडा कुठल्या खणात बसतो ते बघा

उपाशीपोटीच्या तपासणीत 150 मिलिग्रॅमच्या आत (प्रति डेसिलिटर) ठीक. 150 ते 199 काठावर. 200 ते 499 जास्त. 500 आणि पुढे अति जास्त.

या शेवटच्या खणाचं गणित वेगळं आहे, म्हणून ते आधीच सांगतो. 500 च्या पुढे, आणि विशेषतः 1000 च्या पुढे, हृदयाआधी स्वादुपिंडाची काळजी करावी लागते. स्वादुपिंडाला अचानक सूज येऊ शकते: पोटाच्या वरच्या भागात सहन न होणारी, पाठीकडे जाणारी कळ आणि उलट्या. अशी कळ आली तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. लॅबवाल्याने ‘रक्त दुधाळ आलंय’ असं सांगितलं तर तोही हाच इशारा. या खणातल्या माणसाने दारू पूर्ण बंद करायची, साखर बंद करायची, आणि इथे मात्र तेल-तूपही कडक कमी करावं लागतं, कारण जेवणातली चरबी रक्तातून उतरवण्याची यंत्रणाच तुंबलेली असते. गोळ्या किती आणि कोणत्या हे डॉक्टर त्याच आठवड्यात ठरवतील. खालचं बाकीचं मार्गदर्शन मुख्यतः 150 ते 499 मधल्यांसाठी आहे.

दुसरी पायरी: बाकीच्या ओळीही वाचा

समजा रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 310, एलडीएल 116. बहुतेक जण एलडीएल बघतात आणि ‘थोडंसंच जास्त आहे’ म्हणून कागद घडी करतात. पण अनेक लॅबमध्ये हे एलडीएल मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइडला 5 ने भागायचं (62), ते आणि एचडीएल एकूणातून वजा करायचं, उरलं ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेले की हे सूत्र चालत नाही. त्याच्या अलीकडेही, आकडा वाढेल तसं ते एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवू लागतं.

म्हणून एक साधी वजाबाकी स्वतः करा: एकूण वजा एचडीएल. इथे 210 उणे 32, म्हणजे 178. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीत अडकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात आलं, आणि जेवून गेलात तरी हा आकडा फारसा बदलत नाही. याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा 30 ने जास्त धरतात. मधुमेह असलेल्याला एलडीएल 100 च्या आत सांगितलं असेल तर नॉन-एचडीएल 130 च्या आत हवं. 178 म्हणजे बरंच काम बाकी आहे, जे 116 कडे बघून कळलं नसतं.

तिसरी पायरी: आकडा खरा आहे का?

ट्रायग्लिसराइडइतका चंचल आकडा रक्ताच्या रिपोर्टात क्वचितच असेल. एकाच माणसाचा, काहीही न बदलता, दोन आठवड्यांत वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतो. आदल्या रात्री लग्नाचं जेवण, जत्रेचं मटण किंवा ‘बसणं’ झालं असेल तर विचारूच नका. एका आकड्यावर घाबरू नये आणि एका आकड्यावर निर्धास्तही होऊ नये.

दुसरी तपासणी अशी करा. आधीचे तीन दिवस दारू नाही. आधीचा आठवडा नेहमीसारखं खायचं. तपासणीसाठी चार दिवस उपाशी राहिलात तर रिपोर्ट त्या चार दिवसांचा येतो, तुमचा नाही. रात्री आठ-साडेआठला साधं जेवण, सकाळी आठच्या सुमारास रक्त, म्हणजे साधारण 12 तास होतात. पाणी प्यायला हरकत नाही. घोटभर चहासुद्धा नको. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका, रक्त दिल्यावर नाश्त्याबरोबर कसं घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ताप, मोठं आजारपण, ऑपरेशन यानंतर काही आठवडे थांबा. गरोदरपणात ट्रायग्लिसराइड मुळातच दुपटी-तिपटीने वाढतात, त्या आकड्याला हे खण लावायचे नाहीत.

न उपाशी राहता तपासलं असेल तर 175 पर्यंत चालतं. 400 च्या वर आलं तर उपाशीपोटी पुन्हा करा. आणि लॅब शक्यतो तीच ठेवा.

चौथी पायरी: मागे दुसरं कोणी लपलंय का

खाणंपिणं बदलण्याआधी हे बघायला हवं, कारण थायरॉईड मंदावलेल्या माणसाने कितीही भाकरी मोजली तरी आकडा हट्ट सोडत नाही. डॉक्टरांना सांगून एवढं करून घ्या: एचबीए1सी (तीन महिन्यांची साखर), टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि लघवीतलं प्रोटीन. मधुमेह हाताबाहेर असेल तर साखर ताब्यात आणणं हाच ट्रायग्लिसराइडचा पहिला उपचार, आणि त्याने आकडा कधी कधी निम्म्यावर येतो.

चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. स्टेरॉइड, काही जुने बीटा-ब्लॉकर, लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, मानसिक आजारावरची ओलान्झापिन, क्लोझापिनसारखी औषधं यांनी ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. मनाने एकही बंद करू नका, फक्त विचारा. आणि सांधेदुखीवर कुणी दिलेली बिननावाची पुडी घेत असाल तर तीही दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

पाचवी पायरी: महिन्याच्या यादीवरून साखर मोजा

रोज चमचे मोजत बसणं कुणाला जमत नाही. किराणा मालाच्या यादीवरून हिशोब सोपा पडतो. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत असेल तर माणशी एक किलो, म्हणजे दिवसाला 33 ग्रॅम. त्यात गूळ, काकवी, बिस्किटं, थंड पेयं, बाहेरचा चहा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अशी सगळी साखर मिळून दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 च्या आत ठेवावी असा आहे. ट्रायग्लिसराइड वाढलेल्याने 25 हीच कमाल धरावी. पाच चमचे झाले, संपलं.

आता आपल्याकडचे खड्डे.

चहा: दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम. एका झटक्यात बिनसाखरेचा चहा जमत नसेल तर दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ वळते, आणि मग जुना चहा पाकासारखा लागतो. चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानकटाई म्हणजे मैदा आणि घट्ट चरबी. ती साखरेइतकीच आड येते.

गूळ: गुळात लोह, खनिजं थोडी आहेत, पण बहुतेक भाग साखरच. यकृताला तो कऱ्हाडच्या गुऱ्हाळातून आला की पिशवीतून, यात फरक कळत नाही. सेंद्रिय गूळ, खडीसाखर, मध, काकवी, सगळ्यांना तोच हिशोब.

उसाचा रस: रसात साधारण 13 ते 15 टक्के साखर असते. बर्फ धरूनही मोठ्या ग्लासात सहज 25-30 ग्रॅम, म्हणजे दिवसाचा कोटा उभ्या-उभ्या संपला. द्रव साखर चावावी लागत नाही, पोट भरल्याचं कळत नाही आणि यकृतावर एकदम आदळते. फळांच्या रसालाही हेच लागू.

द्राक्षं आणि बेदाणे: तासगाव-मिरजेकडे द्राक्षाच्या दिवसांत पेटी घरात आली की येता-जाता मूठ तोंडात जाते. 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 16 ग्रॅम साखर. अर्धा किलो खाल्ली तर 80 ग्रॅम. बेदाण्यात पाणी गेलेलं असतं, म्हणून 100 ग्रॅममध्ये 60 ग्रॅमच्या वर. द्राक्षं सोडा असं नाही. पंधरा-वीस मणी वाटीत काढून घ्यायचे आणि पेटी बाजूला ठेवायची. त्या मानाने महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (100 ग्रॅममध्ये जेमतेम 5 ग्रॅम साखर), पेरू आणि पपई ही फळं हिशोबाला सोपी. स्ट्रॉबेरी क्रीम मात्र फळात धरू नका.

कंदी पेढा: पाहुण्याने आणलेला एक खा, त्या दिवशी चहा बिनसाखरेचा घ्या. पाव किलोचा पुडा कपाटात ठेवू नका, एवढंच.

उपवास: एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ट्रायग्लिसराइडच्या दवाखान्यात लिहून लावावी अशी आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर तेल-तुपातली खिचडी, जोडीला बटाटा आणि केळाचं शिकरण. उपवास धरायचाच असेल तर वाटीभर भगर, दाण्याची आमटी, बिनसाखरेचं दही, काकडी एवढ्यावर भागवा.

सहावी पायरी: ताट

अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ किंवा घट्ट वरण (किंवा अंडी, मासे, चिकन), पाव ताट भाकरी किंवा भात. यातली अडचण भाकरी ज्वारीची की बाजरीची ही नसून, ती तीन असतात आणि वर भात असतो ही आहे. बैठं काम असेल तर जेवणाला एक मध्यम भाकरी आणि भात हवाच तर अर्धी वाटी. जावळी-पाटणकडे भात हाच मुख्य, तिथे भाकरी सोडून वाटीभर भात घ्या, पण आमटी पातळ पाण्यासारखी नको.

कडधान्याच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, माणदेशातला हुलगा आणि मटकी यांत प्रथिनं आहेत आणि साखर हळू सोडणारा चोथा आहे. हुलग्याचं माडगं गूळ न घालता, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन करा. भडंग मात्र कडधान्यात येत नाही. तो तेल लावलेला चुरमुरा आहे आणि मुठीने खाल्ला जातो. चार वाजता भूक लागत असेल तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे बरे.

तेलाचाही हिशोब यादीवरूनच: माणशी महिन्याला अर्धा किलो. चार माणसांना दोन किलो. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, आलटून-पालटून कोणतंही. वनस्पती तूप आणि वड्या-भज्याचं पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल टाळा. जेवणात चमचाभर साजूक तूप, तेही या अर्ध्या किलोतच धरून, बहुतेकांना चालतं (500 च्या खणातले सोडून).

मासे खाणाऱ्यांनी कोकणातून येणारा बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा घ्यावी, तळून नाही, रस्सा किंवा तव्यावर. त्यातलं ओमेगा-3 थेट कामाचं असतं. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या जातीचं. शरीर त्यातलं थोडंच कामाच्या रूपात बदलतं. जवसाची चटणी चांगलीच आहे, पण तिच्या भरवशावर औषध सोडू नका.

दारूबद्दल थोडक्यात: ‘बिअर चालते, व्हिस्की नाही’ किंवा उलट, दोन्ही चूक. यकृत दारू हाताळत असताना चरबी जाळायचं सोडून साठवतं, आणि सोबतचा चखणा त्यात भर घालतो. आठवडाभर पथ्य आणि शनिवारी रात्री सगळं वसूल, असं करणाऱ्याचा सोमवारचा आकडा कधीच उतरत नाही. सहा आठवडे पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासा. कारण दारू होती की नव्हती हे कागदावर दिसेल.

सातवी पायरी: पाय चालवा

आठवड्याला किमान 150 मिनिटं झपाझप चालणं: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग. ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत एक खास गोष्ट अशी की व्यायामाचा परिणाम त्याच दिवशी सुरू होतो आणि साधारण एक-दोन दिवस टिकतो. म्हणून रविवारी अजिंक्यतारा चढून बाकी सहा दिवस खुर्चीत बसण्यापेक्षा रोजची 25 मिनिटं जास्त कामाची. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही यात धरा.

चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह-बीपी असलेल्या किंवा चढावर छाती भरून येणाऱ्या माणसाने थेट यवतेश्वरचा घाट धरू नये. आधी सपाट रस्ता, आधी डॉक्टर. शेतकरी मित्र म्हणतात, ‘आमचं काम हाच व्यायाम.’ भांगलण, खुरपणी असेल तर खरंच. पण गाडीवरून रानात जाऊन मोटार सुरू करून परत येणं हा व्यायाम नव्हे. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला हात लावून दंड असं स्नायूंचं काम जोडा. साखर सामावून घेणारी मोठी जागा स्नायूच आहेत.

वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरवणं हे पुरे ध्येय आहे. 80 किलोच्या माणसाचे 4 ते 8 किलो. एवढ्यानेही ट्रायग्लिसराइड साधारण वीस टक्के उतरतात.

आठवी पायरी: औषध कधी

मधुमेह, आधीचा हार्ट अटॅक, बीपी, तंबाखू यांपैकी काही असेल तर डॉक्टर बहुधा आधी स्टॅटिन देतील. ‘माझे ट्रायग्लिसराइड वाढलेत, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की हार्ट अटॅक टाळण्याचा सर्वांत भक्कम पुरावा स्टॅटिनचा आहे, आणि ते ट्रायग्लिसराइडही 10 ते 30 टक्के उतरवतं. फेनोफायब्रेट हे मुख्यतः ट्रायग्लिसराइडवरचं औषध ते 30 ते 50 टक्क्यांपर्यंत उतरवतं, 500 च्या पुढे त्याचा उपयोग मोठा. पण आकडा उतरला म्हणजे हृदय वाचलं असं समीकरण नाही: त्याच कुळातल्या पेमाफायब्रेट या औषधाच्या 2022 साली आलेल्या मोठ्या अभ्यासात, मधुमेही रुग्णांचे ट्रायग्लिसराइड छान उतरले, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. सारोग्लिटाझार हे भारतात विकसित झालेलं औषध 2013 पासून मधुमेहींसाठी मिळतं. ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील.

फेनोफायब्रेट जेवणाबरोबर घ्या. आधी क्रिएटिनिन तपासलेलं हवं, पित्ताशयात खडे असतील तर सांगायला हवं. स्टॅटिनच्या जोडीला ते चालू असताना अंग ठणकून दुखायला लागलं किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर या गोळ्यांबद्दल आधी बोला.

दुकानात मिळणाऱ्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं लेबल उलटून वाचा. ‘1000 मिलिग्रॅम’ हे तेलाचं वजन. आतलं ईपीए आणि डीएचए (म्हणजे कामाचं ओमेगा-3) बहुतेक वेळा मिळून 300 च्या आसपास (180 अधिक 120). ट्रायग्लिसराइड उतरवायला दिवसाला 2 ते 4 ग्रॅम लागतात, म्हणजे 4 ग्रॅमसाठी अशा तेरा कॅप्सूल. एक गोळी घेऊन समाधान मिळतं, आकडा हलत नाही. शिवाय मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, तेव्हा स्वतःच्या मनाने तेरा घेऊ नका.

पुन्हा तपासणी

बदल सुरू केल्यापासून 6 ते 12 आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून चार ओळी वहीत लिहा: ट्रायग्लिसराइड, एचडीएल, नॉन-एचडीएल आणि कंबर. पाचवी ओळ महिन्याच्या साखरेची. वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतची घट नुसती चंचलताही असू शकते; 310 चे 220 झाले तर रस्ता बरोबर आहे. एचडीएल हळू चढतं, त्यासाठी घाई नको. आणि ट्रायग्लिसराइड उतरताना, विशेषतः फेनोफायब्रेटवर, एलडीएल थोडं वर गेलेलं दिसलं तर पथ्य उलटलं असं समजून सोडू नका. यकृतातून निघालेले कण आता न तुंबता पुढे सरकत असतात आणि त्यांचा शेवटचा टप्पा एलडीएल हाच असतो. अशा वेळी नॉन-एचडीएल काय म्हणतं ते बघा आणि स्टॅटिनच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना विचारा.